कात्रणसंग्रह आणि नाट्येतिहास : साधनचिकित्सेचा एक विचार

१

नाटकाची संहिता छापून ठेवता येते. प्रयोग छापून ठेवता येत नाही. नाट्येतिहासाच्या अभ्यासातील बहुतेक अडचणींचे मूळ या साध्या भेदात आहे. संगीत नाटकाच्या बाबतीत पदांची पुस्तके उपलब्ध आहेत, काही नटांच्या ध्वनिमुद्रिकाही उपलब्ध आहेत. परंतु तीन-चार मिनिटांच्या तबकडीत बसविलेले पद आणि रंगमंचावर ‘वन्स मोअर’च्या गजरात रंगत गेलेले तेच पद या दोन वेगळ्या वस्तू होत. नटाचा अभिनय, प्रेक्षकांची दाद, पडदा पडल्यानंतरची चर्चा यांपैकी जे काही आज हाती लागते, ते जवळजवळ सर्वस्वी समकालीन वृत्तपत्रांतून व मासिकांतून. ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’, ‘केसरी’ यांसारखी पत्रे आणि ‘विविधज्ञानविस्तार’, ‘मनोरंजन’ यांसारखी मासिके यांच्या अंकांत ही सामग्री विखुरलेली आहे.

या सामग्रीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र सोपा नाही. अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा ‘मराठी रंगभूमि’ हा ग्रंथ १९०३ सालचा. म्हणजे संगीत रंगभूमीच्या ऐन वैभवाचा काळ त्यानंतरचा. श्री. ना. बनहट्टी यांच्या ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ या ग्रंथाचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला पहिला खंड १८७९ सालापाशी थांबतो. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूचि’ने १८०० ते १९५० या दीड शतकातील ग्रंथांची नोंद अभ्यासकांच्या हाती दिली, परंतु ती ग्रंथांची सूची आहे, लेखांची नव्हे. एखाद्या प्रयोगाविषयी कोणत्या पत्राच्या कोणत्या अंकात काय आले, याचा शोध शेवटी अंकच चाळून घ्यावा लागतो.

ही उणीव काही अंशी भरून काढली आहे ती नाट्यरसिकांनी. आवडत्या नटाविषयी, नाटकमंडळीविषयी जे जे छापून येईल ते ते कापून वहीत चिकटविण्याचा छंद असलेले रसिक महाराष्ट्रात अनेक होऊन गेले. ज्यांना त्या नटाचे प्रयोग पाहण्याचे भाग्य लाभले नाही, असे पुढच्या पिढीतील चाहतेही जुने अंक मिळवून असे संग्रह करीत आले. विद्यापीठीय संशोधनाने या संग्रहांकडे बहुधा दोन प्रकारे पाहिले आहे. एक तर हौशी माणसाचा उद्योग म्हणून त्यांची उपेक्षा केली, किंवा आयता पुरावा म्हणून त्यातील मजकूर तसाच उचलला. या दोन्ही दृष्टी सदोष आहेत. कात्रणसंग्रह हे नाट्येतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. परंतु प्रत्येक कात्रण त्याच्या मूळ अंकात परत नेऊन वाचल्याखेरीज ते पुरावा या पदवीला पात्र ठरत नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

कात्री चालते तेव्हा मजकूर वाचतो आणि त्याचा संदर्भ तुटतो. सर्वांत आधी तुटतो तो दिनांक. पत्राचे नाव व तारीख पानाच्या माथ्यावर असते; परीक्षण मात्र पानाच्या मध्यावर किंवा तळाशी असते. संग्राहकाने हाताने तारीख लिहून ठेवली नसेल, तर पुढील वाचकाला ती कळण्याचा सरळ मार्ग उरत नाही. जुन्या वृत्तांत प्रयोगाची तारीख क्वचितच दिलेली असते. ‘गेल्या शनिवारी’, ‘परवा रात्री’ असे उल्लेख असतात. मंगळवारी निघणाऱ्या साप्ताहिकातील ‘गेला शनिवार’ कोणता, हे अंकाच्या तारखेवाचून ठरविता येत नाही. त्यातही जुने प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. त्यामुळे एकाच प्रयोगाच्या दोन तारखा दोन ठिकाणी आढळल्या तर त्यांतील एक चुकलेलीच असेल असे नाही.

हाताने लिहिलेली तारीखही तपासून घ्यावी लागते. ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुणे येथे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. ‘केसरी’चा पहिला अंक निघाला ४ जानेवारी १८८१ रोजी. तेव्हा एखाद्या वहीत ‘केसरी’तील कात्रणाखाली ‘शाकुंतलाचा पहिला प्रयोग’ अशी नोंद आढळली, तर ती नोंद दुसऱ्या कोणत्या तरी प्रयोगाची आहे हे उघड आहे. पण म्हणून ते कात्रण टाकाऊ ठरत नाही. ३१ ऑक्टोबरच्या प्रयोगात अण्णासाहेब किर्लोस्करांनी पहिले चार अंकच सादर केले होते. संपूर्ण नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर. संग्राहकाने ज्याला ‘पहिला’ म्हटले, तो त्याच्या दृष्टीने पूर्ण नाटकाचा पहिला प्रयोग असू शकेल, एखाद्या गावातला पहिला असू शकेल किंवा त्याने स्वतः पाहिलेला पहिला असू शकेल. चुकीच्या नोंदीतही अशी एखादी योग्य माहिती दडलेली असते. ती हाती लागते ती मूळ अंक उघडल्यावरच.

तारीख ठरविण्यास काही साधने कात्रणातच असतात. वार आणि तारीख जुळतात की नाही हे पंचांगावरून पाहता येते: ३१ ऑक्टोबर १८८० हा रविवार होता, ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाचा १२ मार्च १९११ हा दिवसही रविवार होता. वृत्तपत्राचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला असतो. म्हणून कात्रणाच्या पाठीवरील बाजारभाव, आगगाडीचे वेळापत्रक किंवा सरकारी जाहीर नोटीस यांवरून अंकाचा काळ नक्की करता येतो. दुर्दैवाने खळीने किंवा डिंकाने वहीत डकविलेल्या कात्रणाची पाठ कायमची झाकली जाते. लाकडाच्या लगद्यापासून केलेला तो कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि पाठ पाहण्यासाठी सोडवू गेल्यास दर्शनी मजकूरही हातचा जातो. अशा वेळी कात्रण न सोडविता त्याची रुंदी, अक्षरांचा ठसा व रकान्याची रेघ यांवरून पत्र ओळखून त्या पत्राची वर्षवार जिल्द शोधणे हाच निर्धोक मार्ग होय.

३

कात्रणे एकाच वहीत शेजारी शेजारी बसली की ती एकाच जातीची भासू लागतात. वस्तुतः त्यांत निदान चार जाती आहेत: जाहिरात, वृत्त, परीक्षण आणि आठवण. या चौघींचे प्रामाण्य वेगवेगळ्या गोष्टींपुरते आहे.

जाहिरात ही तारीख, नाट्यगृह, तिकिटांचे दर व नटसंच यांविषयी इतर कोणत्याही लेखनापेक्षा अधिक नेमकी असते. परंतु जाहिरातीवरून संकल्प सिद्ध होतो, सिद्धी होत नाही. मुख्य नटाचा आवाज बसणे, गावात साथ पसरणे, नाट्यगृहाच्या मालकाशी बेबनाव होणे अशा कारणांनी जाहीर झालेला खेळ रद्द झाल्याची शक्यता नेहमीच असते. केवळ जाहिरातीच्या आधारे ‘या दिवशी अमुक प्रयोग झाला’ असे विधान करणे धोक्याचे आहे. वृत्तावरून प्रयोग झाला एवढे निश्चित कळते. पण ‘प्रेक्षकांची अलोट गर्दी होती’ यासारखी वाक्ये त्या काळच्या वृत्तलेखनातील ठरीव वाक्ये आहेत. ती सर्वच प्रयोगांविषयी येत असल्याने कोणत्याही एका प्रयोगाविषयी फारसे काही सांगत नाहीत.

परीक्षणाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मराठी नाट्यपरीक्षणाच्या पहिल्या अर्धशतकात टीकाकार, संपादक आणि नाटककार हे पुष्कळदा एकच असत. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर हे ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर करणारे. पुढे त्याच पत्राच्या संपादकपदी आलेले न. चिं. केळकर हे ‘तोतयाचे बंड’चे कर्ते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा ‘केसरी’शी दीर्घकाळ निकटचा संबंध होता, १९२१ ते १९२३ या काळात ते ‘लोकमान्य’ दैनिकाचे संपादक होते आणि १९२३ साली त्यांनी ‘नवाकाळ’ सुरू केला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वाङ्मयक्षेत्रात आले ते ‘विक्रमशशिकला’ या नाटकावरील परीक्षणाने. ‘विविधज्ञानविस्तारा’त ते १८९३ साली आले आणि तीनच वर्षांनी त्यांचे स्वतःचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आले. म्हणजे ज्या परीक्षणात एका नाटकाचे दोष दाखविले आहेत, त्यातच लेखक आपल्या भावी नाटकाची जागा मोकळी करीत होता, असेही त्याचे वाचन संभवते. हा आरोप नव्हे. नाट्यविषयक ज्ञान असलेली माणसे थोडी होती आणि तीच लिहिणारी होती, इतकाच त्याचा अर्थ. तथापि हे नाते लक्षात न घेता ‘समकालीन टीकाकारांचे मत’ म्हणून असा उतारा देणे म्हणजे पक्षकाराची जबानी त्रयस्थाची म्हणून नोंदविणे होय. कात्रणावर पत्राचे नाव नसेल, तर हा प्रश्न विचारताही येत नाही.

४

चौथी जात आठवणींची. कात्रणसंग्रहांत हिचाच भरणा सर्वाधिक असतो आणि इतिहासाचा रंग बदलण्याची शक्तीही हिच्यातच सर्वाधिक आहे. नटाचा वाढदिवस, पुण्यतिथी, नाटकाची शताब्दी अशा निमित्तांनी लिहिलेल्या लेखांत प्रसंगाचे वर्णन अधिक तपशीलवार असते, अधिक वाचनीय असते. साहजिकच रसिक ते कापून ठेवतो. समकालीन वृत्त चार ओळींचे आणि रुक्ष असल्याने त्याच्या नजरेतून निसटते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘संयुक्त मानापमान’. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत हा प्रयोग एकत्र येऊन केला. बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव भोसले धैर्यधर. प्रयोगाचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होते. पुढे अवघ्या तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले.

या प्रयोगाविषयी जे जे पुढे लिहिले गेले ते ते या मृत्यूच्या छायेत लिहिले गेले. दोन महान गायक नटांची ती भेट अखेरच्या भेटींपैकी एक ठरली, ही जाणीव आठवणीतून वगळता येणे मानवी स्वभावात नाही. त्यामुळे उत्तरकालीन वर्णनांत प्रत्येक पदाला निरोपाचा अर्थ चिकटतो, स्पर्धेची धार बोथट होते आणि दोन नटांतील सौहार्द ठळक होते. किंवा उलट, ‘त्या रात्री जिंकले कोण’ या वादाला भरती येते आणि लेखक ज्याचा चाहता असेल त्याच्या बाजूने निकाल लागतो. जुलै महिन्यातील वृत्तलेखकाला मात्र ऑक्टोबर ठाऊक नव्हता. त्याच्या लेखनाचे मोल त्याच्या भाषेत नाही, विद्वत्तेतही नाही. पुढे काय घडणार हे त्याला माहीत नव्हते, यात आहे. समकालीन साधन श्रेष्ठ का, या प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे. ते अधिक अचूक असतेच असे नाही. घाईत लिहिलेल्या वृत्तात नावांच्याही चुका असतात. परंतु शेवट माहीत असलेल्या माणसाला जी चूक टाळता येत नाही, ती त्यात नसते.

मूळ अंक पाहिल्याने आणखी एक गोष्ट हाती येते. कात्रणात तो प्रयोग संगीतातील दोन गायकांचा सामना म्हणून उरतो. पण १९२१ च्या जुलै महिन्यातील वृत्तपत्राचे संपूर्ण पान असहकाराच्या बातम्यांनी भरलेले असे. टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमविण्याचा काँग्रेसचा संकल्प होता. तो दिवस उलटून जेमतेम आठवडा झाला होता. लोकमान्यांना जाऊन वर्ष पुरे व्हावयाचे होते. नाटकाचा कर्ता त्यांचा सहकारी होता. त्या पानात ठेवून वाचले म्हणजे दोन मंडळ्यांनी आपली स्पर्धा एका रात्रीपुरती बाजूला ठेवण्याचा अर्थ निराळा दिसू लागतो. तो केवळ संगीतरसिकांचा योग नव्हता, सार्वजनिक जीवनातील एक कृती होती. शेजारचे रकाने कापून टाकले की नाट्येतिहास हा नटांच्या चरित्रांचा इतिहास होऊन बसतो, आणि मराठीत तो पुष्कळसा तसा झालेला आहे.

नटांच्या आत्मचरित्रांनाही हाच नियम लागू आहे. गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’ १९४० चे, गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा जीवनविहार’ १९४८ चा, चिंतामणराव कोल्हटकरांचा ‘बहुरूपी’ १९५७ चा. मराठी गद्याची ती लेणी आहेत यात शंका नाही. परंतु ज्या काळाविषयी ती सांगतात, त्यातील पुष्कळ घटनांपासून दोन-तीन दशके दूर उभी राहून ती लिहिली गेली. या ग्रंथांतील गोष्टी पुढे लेखांत उतरल्या, लेखांची कात्रणे झाली आणि तीच कात्रणे पुन्हा नव्या ग्रंथांचे आधार झाली. एकाच आठवणीचे चार प्रतिध्वनी चार स्वतंत्र साक्षी म्हणून मोजले जाऊ नयेत, एवढी दक्षता अभ्यासकाने घेतलीच पाहिजे.

५

रसिक काय जपतो याचा विचार करताना तो काय जपत नाही याचाही विचार व्हावयास हवा. चाहत्याच्या वहीत प्रतिकूल टीका क्वचित आढळते. विरोधकाचे लेखन तर तो कधीच कापून ठेवत नाही. आणि तरीही प्रेक्षकांविषयीची माहिती कित्येकदा विरोधकाकडूनच मिळते.

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे समीकरण प्रेक्षकांच्या मनात कसे उभे राहत असे, याचे वर्णन व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० सालच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या ग्रंथात मिळते. हा ग्रंथ राष्ट्रीय चळवळीच्या शत्रूचा. याच ग्रंथातील मजकुरावरून टिळकांनी लंडनमध्ये बेअब्रूचा दावा लावला होता व १९१९ साली तो त्यांच्याविरुद्ध गेला. मराठी पत्रकाराला हे समीकरण उघड लिहिणे शक्य नव्हते; लिहिले असते तर नाटकावरील संकट त्यानेच ओढवून घेतले असते. त्याचे मौन ही सावधगिरी होती. शत्रूला मात्र नाटकाचा परिणाम उघड करून दाखविण्यातच स्वारस्य होते. म्हणून रंगमंदिरातील तापलेल्या वातावरणाची साक्ष त्याच्याकडून मिळते, पण तीही अतिशयोक्तीची शंका ठेवूनच घ्यावी लागते. सरकारी भाषांतरखात्याने देशी पत्रांतील मजकुराचे जे साप्ताहिक गोषवारे तयार केले, त्यांचीही हीच अवस्था आहे. मूळ अंक नष्ट झाले असतील तेथे ते अमोल आहेत. मात्र त्यांतील निवड राज्यकर्त्याच्या भीतीने केलेली आहे. चाहता प्रेमाने कापतो, सरकार भीतीने कापते. दोघांच्याही हातात कात्रीच आहे.

या निवडीमुळे आणखी एक पोकळी निर्माण झाली आहे. लोकप्रिय नटांच्या वह्या जाडजूड होत गेल्या. परंतु गावोगाव फिरणाऱ्या लहान मंडळ्या, स्त्रियांच्या नाटकमंडळ्या, पडदे रंगविणारे, पेटीवाले व सारंगिये यांच्या वह्या कोणी केल्या नाहीत. त्यांचे उल्लेख जिल्ह्याच्या ठिकाणच्या पत्रांत, पत्रव्यवहाराच्या सदरात, एखाद्या नाट्यगृहाच्या कज्जाच्या वृत्तात सापडण्याचा संभव आहे. ते शोधण्यासाठी आधीच तयार असलेला संग्रह उपयोगी पडत नाही. तेथे जिल्द पहिल्या पानापासून वाचावी लागते.

जुने अंक संगणकावर प्रतिमारूपाने उपलब्ध होऊ लागल्यापासून हा प्रश्न मिटला, असे समजण्याचे कारण नाही. जुन्या खिळ्यांची देवनागरी अक्षरे आणि फिकट पडलेली शाई यांमुळे शब्दशोधातून पुष्कळ मजकूर सुटतो. आणि जो सापडतो तो इष्ट शब्दापुरता, शेजारच्या रकान्यापासून तोडलेला. म्हणजे यंत्रही अखेर कात्रणच हाती देते. फरक एवढाच की या कात्रणाबरोबर संपूर्ण पान एका कळीच्या अंतरावर असते आणि ते पाहण्याचा आळस मात्र पूर्वीइतकाच कायम असतो.

६

या विवेचनावरून रसिकांच्या परिश्रमाला कमी लेखण्याचा हेतू आहे असे समजू नये. कित्येक पत्रांचे अंक ग्रंथालयांतून नाहीसे झाल्यानंतर त्यांतील मजकूर एखाद्या कारकुनाच्या किंवा शाळामास्तराच्या वहीतच टिकून राहिलेला असू शकतो. शिवाय कात्रणसंग्रह हा स्वतःच एक दस्तऐवज आहे. कोणते छायाचित्र पहिल्या पानावर चिकटविले, कोणत्या परीक्षणाखाली रेघ ओढली, कोणत्या टीकेच्या समासात चिडून प्रश्नचिन्ह काढले, या खुणांतून एका सामान्य प्रेक्षकाची अभिरुची व्यक्त होते. प्रेक्षकाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास याहून प्रत्यक्ष साधन मिळणे कठीण. मात्र त्यासाठी वही जशी आहे तशी राहिली पाहिजे. ती फोडून कात्रणे विषयवार लावणे म्हणजे संग्राहकाचा हात पुसून टाकणे होय.

तेव्हा अशा संग्रहावर काम करणाऱ्या अभ्यासकाने दोन स्वतंत्र नोंदी ठेवणे युक्त ठरेल. पहिली वहीची: पानांचा क्रम, हस्ताक्षरातील टीपा, कात्रणाची जागा. दुसरी मूळ अंकाची: पत्राचे नाव, गाव, अंकाची तारीख, पृष्ठ व रकाना, लेखनाचा प्रकार, लेखकाचे नाव किंवा टोपणनाव, आणि शेजारी काय छापले होते ते. ज्या कात्रणाचा मूळ अंक मिळाला नाही, ते तसे स्पष्ट नमूद करावे आणि त्यावर कोणतेही निर्णायक विधान उभारू नये. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका वहीची अशी सूची केली, तरी ते काम एखाद्या नटाच्या आणखी एका गौरवपर चरित्रापेक्षा अधिक टिकाऊ ठरेल.

नटाची कला त्याच्याबरोबर जाते. मागे राहते ती इतरांनी दिलेली साक्ष. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी दिली हे नोंदविले गेले नाही, तर नटाच्या जागी त्याची आख्यायिका उभी राहते आणि त्याला प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रेक्षकाचा शब्दही तिच्यात विरून जातो. ज्या रसिकाने हातात कात्री घेतली, त्याला हे होऊ द्यावयाचे नव्हते. त्याने कापलेला कागद त्याच्या पानावर परत नेऊन ठेवणे हे त्याचेच अपुरे राहिलेले काम पुढे नेणे आहे.